कुंडी भंडारा आणि राजाश्रय

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास, जहांगीर बादशहाच्या काळी, सुभेदार अब्दुर्रहीम खानखानाने एक भूमिगत जलवाहिनी बांधविली. तीच कुंडी भंडारा होय. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी बोगद्यात जमावे व केवळ उताराच्या बळावर नगरात यावे, अशी ही योजना. वाटेवर शंभराहून अधिक कुंड्या आहेत. चार शतके लोटली, तरी पाणी वाहतेच आहे.

हे कार्य एका विद्येचे नव्हते. भूजल ओळखणारा इराणी जाणकार, उतार मोजणारा, बोगदा खोदणारा, कुंड्या बांधणारा गवंडी, यांपैकी एकजण चुकता, तर नगर तहानलेले राहते. खजिन्याचे द्रव्य लागले ते या सर्वांच्या मेळाला.

आज मेंदूच्या संशोधनातही हेच दिसते. अमेरिकेने २०१३ मध्ये जाहीर केलेल्या मेंदूसंशोधन उपक्रमात वैद्य, अभियंते व गणिती यांच्या संघांना अनुदाने मिळाली. भूगर्भातील पाणी काय, कवटीतील व्यापार काय, दोन्ही दृष्टीआडच! तेथे एकट्याची नजर पुरत नाही. आणि पाणी लागेपर्यंत दात्यालाही धीर धरावा लागतो.