सोबत सुटल्यावर : दोन ‘माझा प्रवास’

१/ मराठीत जवळजवळ एकाच नावाची दोन प्रवासवर्णने आहेत. पहिले ‘माझा प्रवास’. ते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे असून १९०७ मध्ये छापले गेले. दुसरे ‘माझा रशियाचा प्रवास’. ते वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांचे असून १९६१ मधील प्रवासावर आधारलेले आहे. एक लेखक वेदपठणावर उपजीविका करणारा भिक्षुक, तर दुसरा औपचारिक शिक्षण जवळपास न मिळालेला शाहीर. दोघेही लिहायला बसले तेव्हा ज्यांच्यासोबत वाट तुडवली होती, ती मंडळी पांगलेली होती. सोबत सुटल्यावर प्रवासाचे काय होते, हा या थ्रेडचा विषय.

२/ आगगाडीपूर्वी काशीयात्रा एकट्याने करण्याची गोष्ट नव्हती. वाटेत चोर-पेंढारी, पूर आलेल्या नद्या, पटकीची साथ आणि अनोळखी मुलूख. त्यामुळे यात्रेकरू संघ करून निघत. महिनोन्महिने एकत्र चालणे, एकत्र मुक्काम, आजाऱ्याची शुश्रूषा आणि प्रसंगी वाटेतच कुणाचे अंत्यसंस्कार, असे ते सहजीवन असे. गावकरी शिवेपर्यंत पोचवायला येत, कारण निघालेला परतेलच याची खात्री नसे. यात्रा संपली की हा समाजही विरून जाई. पुन्हा तीच माणसे त्याच वाटेवर एकत्र येणे जवळजवळ अशक्यच.

३/ या प्रवासाची नोंद कोण ठेवी? बहुधा प्रवासी नव्हे. नोंद असे ती तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत. काशी, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील उपाध्यायांकडे घराण्यांनुसार वह्या असत. आलेला यजमान आपले नाव, गाव, गोत्र, पूर्वजांची व सोबतच्या आप्तांची नावे त्यात लिही किंवा लिहवून घेई. आजही अनेक घराण्यांना आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर प्रथम अशा वहीतच दिसते. मात्र वाटेत काय पाहिले, कशाची भीती वाटली, कोण भेटले, याला त्या वहीत जागा नव्हती. ती कुळाची वही होती, प्रवासाची नव्हे.

४/ घरी येताना यात्रेकरू आणी तो गंगेचा गडू. तोंड बंद केलेले तांब्याचे ते पात्र देवघरात वर्षानुवर्षे राही. परतल्यावर मावंदे होई, आप्तेष्ट जेवत आणि प्रवासाच्या कथा सांगितल्या जात. मावंदे, गडू आणि तोंडी कथा हीच त्या काळातली आठवणींची चिकटवही. पैकी गडू पुढच्या पिढीकडे जाई, पण कथा सांगणाऱ्याबरोबर संपे. लाखो मराठी माणसे उत्तरेला जाऊन आली, आणि त्यांतल्या फारच थोड्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला, त्याचे कारण हेच.

५/ विष्णुभट गोडसे यांची कथा याच वाटेने नाहीशी व्हायची होती. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक कुटुंब कर्जात होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार, अशी वार्ता आली. विष्णुभट आणि त्यांचे चुलते रामभट यांनी उत्तरेला जाण्याचे ठरवले. यात्राही घडेल आणि कर्जही फिटेल, हा हिशेब. वर्ष होते १८५७.

६/ महूच्या वाटेवर त्यांना कंपनीच्या शिपायांकडून कळले की काही दिवसांतच मोठा उत्पात होणार आहे. परत फिरावे की पुढे जावे? भटजी पुढे गेले. यानंतर यज्ञाचा विषय मागे पडतो आणि काका-पुतण्या एका युद्धाच्या आतून चालू लागतात : उज्जैन, धार, ग्वाल्हेर आणि मग झाशी. वाटेत सोबती जोडले जात आणि सुटत. गावोगावच्या दक्षिणी घरांचा आसरा मिळे. पेशवाई संपून चाळीस वर्षे झाली असली तरी उत्तरेतल्या मराठी वस्त्यांचे ते जाळे शाबूत होते. या वाटसरूंना जिवंत ठेवले ते त्या जाळ्याने.

७/ झाशीत विष्णुभटांना राणी लक्ष्मीबाईंचा आश्रय मिळाला. म्हणूनच त्यांच्या वहीत राणीची दिनचर्या, व्यायाम, घोडेस्वारी, दरबार, हळदीकुंकू असे तपशील सापडतात. इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांत झाशीचा किल्ला आणि तोफा दिसतात. भटजींच्या वहीत नांदते शहर दिसते. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने वेढा घातला. एप्रिलच्या आरंभी शहर पडले. त्यानंतरची कत्तल, लूट, आगी आणि राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची नासधूस हे सर्व गोडसे यांनी आत राहून पाहिले.

८/ झाशीतून निसटल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी पुन्हा भेटली. धुळीने माखलेली, तहानलेली, पाठीवर पराभव. भटजी पाणी काढून द्यायला पुढे झाले. विद्वान ब्राह्मणाला आपल्यासाठी पाणी ओढू द्यायचे नाही, म्हणून तिने स्वतःच पाणी काढले आणि ओंजळीने प्यायली. ही आठवण फक्त एका भिक्षुकाकडे होती. ती त्याने लिहिली नसती, तर १८५८ मधली ती विहीर इतिहासात आलीच नसती.

९/ दक्षिणा मिळाली, लुटली गेली. पुन्हा थोडी मिळाली, पुन्हा गेली. कर्ज फेडण्यासाठी निघालेला माणूस रिकाम्या हातांनी परतणार हे स्पष्ट झाले. तरीही यात्रा सोडली नाही. चित्रकूट, काशी अशी तीर्थे झाली. मग गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन ते दक्षिणेकडे निघाले, कारण त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घालायचे होते. अडीच-तीन वर्षांनी वरसईला पोचले तेव्हा त्यांच्यापाशी संपत्ती म्हणावी अशी ती कावडच होती. आणि आठवणी.

१०/ पुढची दोन तपे त्या आठवणी तोंडीच राहिल्या. या काळात उत्तरेची वाटच बदलली. १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडले गेले. महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. काशीला जाणारे वाढले, पण महिनोन्महिने सोबत चालणारा संघ ओसरला. डब्यात शेजारी बसलेला माणूस पुढच्या स्थानकावर उतरून जातो. एकमेकांचा जीव राखत मुलूख ओलांडणाऱ्यांचे नाते तिथे जुळत नाही. गोडसे भटजींच्या आठवणीतला प्रवासी समाज त्यांच्या डोळ्यांदेखत इतिहासजमा झाला.

११/ कथा कागदावर आली ती एका तरुण श्रोत्यामुळे. पुढे इतिहासकार म्हणून नावाजलेले चिंतामण विनायक वैद्य तेव्हा ऐन विशीत होते. गोडसे यांचा वैद्य घराण्याशी उपाध्येपणाचा संबंध होता. हे सांगता ते लिहून काढा, असा आग्रह वैद्यांनी धरला. १८८३ च्या सुमारास, साठीकडे झुकलेल्या विष्णुभटांनी मोडीत लिहायला घेतले. कुणी विचारले नसते तर त्यांनी लिहिले असते, असे मानायला काही आधार नाही. त्यांच्या परंपरेत यात्रा पुण्यासाठी करायची असे, पुस्तकासाठी नव्हे.

१२/ चोवीस-पंचवीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणींत चुका असणारच. तिथी मागेपुढे झाल्या आहेत, आणि ऐकीव वार्ता व डोळ्यांनी पाहिलेले प्रसंग काही ठिकाणी एकमेकांत मिसळले आहेत. म्हणून अभ्यासक हा ग्रंथ इतर साधनांशी ताडून वाचतात. मात्र जेवणाच्या पंक्ती, दक्षिणेचे आकडे, आसऱ्याची घरे, भीती आणि भूक याबाबतीत त्याच्या तोडीचे मराठी साधन मिळणे कठीण. लष्करी इतिहासाला जे किरकोळ वाटते, ते या लेखकाने जपून ठेवले.

१३/ वही लिहून झाली तरी लगेच छापता आली नाही. इंग्रजी अमलात बंडाची हकीकत, तीही राणीविषयी आदर बाळगून लिहिलेली, प्रसिद्ध करणे जोखमीचे होते. लेखकाच्या निधनानंतर, उठावाला पन्नास वर्षे होत असताना, १९०७ मध्ये वैद्यांनी ती प्रकाशित केली. पण छापताना भाषा सुधारली आणि मजकूर कापला. पुढे मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आले. दत्तो वामन पोतदारांनी मूळ संहितेवरून सिद्ध केलेली आवृत्ती निघायला १९६६ साल उजाडले. लेखनापासून ऐंशीहून अधिक वर्षांनी भटजी आपल्या मूळ बोलीत वाचकांना भेटले.

१४/ इथे आठवणींच्या कोणत्याही वहीचा एक धडा आहे. चिकटवही करायची तर हातात डिंकाबरोबर कात्रीही असते. वैद्यांच्या कात्रीमागे काळजी होती, द्वेष नव्हता, आणि त्यांच्याशिवाय हा ग्रंथ जन्मलाच नसता. पण त्या कात्रीखाली काय गेले, हे मूळ कागद जपला गेल्यामुळेच कळले. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. चुलते रामभट त्याच वाटेवर चालले, त्याच आगीतून निसटले. त्यांचा प्रवास आपल्याला केवळ पुतण्याच्या लेखणीतून दिसतो. वही एकाचीच झाली.

१५/ आता कोकणातून कृष्णाकाठी येऊ. ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) हे वाळवा तालुक्याचे मुख्य ठिकाण. याच तालुक्यातल्या वाटेगावात १ ऑगस्ट १९२० रोजी अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. मांग समाजातील या कुटुंबाने पोटासाठी मुंबईची वाट धरली आणि सुमारे दोनशे मैलांचे अंतर पायी कापले. वडील भाऊराव, आई वालुबाई आणि मुले. गोडसे भटजी पायी गेले कारण गाडी नव्हती. साठे कुटुंबाच्या काळी गाडी होती, तिकिटाचे पैसे नव्हते. या प्रवासाची नोंद कोणत्याही उपाध्यायाच्या वहीत होण्याचा प्रश्नच नव्हता.

१६/ मुंबईत गिरणी, चाळ आणि चळवळ यांतून शाहीर घडला. १९४० च्या दशकात अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. ते गावोगाव फिरले आणि त्यांनी पोवाडे, लोकनाट्ये, छक्कड लोकांसमोर आणल्या. त्यांचा स्टालिनग्राडचा पोवाडा गाजला. मुंबई सरकारच्या बंदीलाही पथकाला तोंड द्यावे लागले. हाही एक फिरता समाजच होता. एकत्र प्रवास, मिळेल तिथे मुक्काम, रात्री प्रयोग. संयुक्त महाराष्ट्र १ मे १९६० रोजी साकारला. तोवर हे कलापथक पूर्वीसारखे एकसंध राहिले नव्हते.

१७/ पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, अण्णा भाऊ सोव्हिएत संघात गेले आणि परतून त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. ज्या देशाची गाणी साथीदारांसह मैदाने भरून गायली, तो देश अखेर पाहिला, आणि त्याची गोष्ट सांगितली ती गद्यात, एकट्याच्या लेखणीने. योगायोग असा की त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात स्टालिनग्राड हे नाव पुसून त्या शहराला व्होल्गोग्राड म्हणण्यात आले. नकाशावरचे नाव गेले, पोवाड्यातले राहिले.

१८/ १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले, आणि २९ ऑगस्टला अमर शेख. महिना-दीड महिन्याच्या अंतराने कलापथकाचे दोन मोठे आवाज थांबले. छापलेले शब्द आज उपलब्ध आहेत. पण कोणत्या गावात कोणत्या ओळीला लोक उठून उभे राहिले, कुणी भाकरी दिली, पोलीस आल्यावर डफ कुणी लपवला, हे पथकातल्या माणसांनाच ठाऊक होते. आणि वाटेगाव ते मुंबई या वाटेवर आईने काय भोगले, हे तिच्या शब्दांत आपल्यापाशी नाही.

१९/ सहलीचे सोबती आज गावी परतले की गट शांत होतो, छायाचित्रे मोबाईलमध्ये राहतात आणि वर्षभराने त्यांतल्या अर्ध्या जागांची नावे आठवत नाहीत. वही करायची असेल तर भटजींच्या वहीकडून तीन गोष्टी घेता येतील. तारीख आणि ठिकाण त्याच आठवड्यात लिहावे, पंचवीस वर्षे थांबू नये. देखाव्याबरोबर जेवण, खर्च, भीती आणि भांडणेही नोंदवावीत. कापलेले कागद फेकू नयेत.

२०/ आणि चौथी गोष्ट वैद्यांकडून. घरातल्या ज्येष्ठांनी केलेली वारी, मुंबईची पहिली खेप, ऊसतोडीची किंवा नोकरीतल्या बदलीची वाट, यांची वही बहुधा झालेली नाही. ती त्यांनी आपणहून लिहिली नाही म्हणून सांगण्यासारखे काही नव्हते, असे समजू नये. विष्णुभटांनीही कुणीतरी विचारीपर्यंत लेखणी उचलली नव्हती. या सुट्टीत आजीसमोर वही घेऊन बसावे, आणि पहिल्या पानावर तिच्या सोबत कोण कोण होते, त्या साऱ्यांची नावे लिहून घ्यावीत.