प्रश्न 'सार्वजनिक' केव्हा होतो? लोणावळा, मुळशी आणि पुण्याचे पुढारी

फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्यास मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथून दक्षिणेस मुळशी पेट्यात शेकडो मावळे टाटांच्याच दुसऱ्या एका धरणाच्या कामावर जाऊन बसले. उद्योगसमूह तोच, सह्याद्रीची रांग तीच, पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून घाटाखाली पश्चिमेस सोडण्याची युक्तीही तीच. पहिल्या वेळी समारंभ झाला, दुसऱ्या वेळी सत्याग्रह.

जमीन दोन्हीकडे बुडाली. मग एका खोऱ्याचे दुःख 'सार्वजनिक प्रश्न' झाले आणि दुसऱ्याचे का झाले नाही? या थ्रेडचा विषय तोच आहे. मात्र त्यासाठी आधी धरणांपासून बरेच दूर, १८७० च्या पुण्यात जावे लागेल.

२ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. निमित्त होते पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींचे. सरकारपुढे गाऱ्हाणे मांडायचे, तर 'तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?' हा प्रश्न येणारच. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना पुढे लोक 'सार्वजनिक काका' म्हणू लागले, आणि त्यांचे सहकारी यांनी यावर एक विलक्षण तोड काढली. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. ती माणसे कोणत्याही जातीची वा धर्माची असोत. मतदानाचा हक्क नसलेल्या देशात हे एक प्रकारचे घरगुती निवडणूकतंत्रच होते. राष्ट्रीय सभेच्या जन्मापूर्वी पंधरा वर्षे हे घडत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे मोल कळते.

मात्र पन्नास सह्या कोण गोळा करू शकत असे? सरदार, इनामदार, वकील, सावकार, निवृत्त अधिकारी. ज्याच्या शब्दाला गावात वजन, त्याच्याच हाती मुखत्यारपत्र. प्रश्न वरपर्यंत पोहोचवणारी शिडी उत्तम बांधली गेली होती. फक्त तिच्या पहिल्या पायरीवर ठराविक माणसेच उभी होती.

याचा अर्थ सभेने शेतकऱ्यांकडे पाठ फिरवली असा मुळीच नाही. १८७२-७३ मध्ये तिने जमीन महसुलाची चौकशी करून अहवाल तयार केला. १८७१ च्या अखेरीस पुण्यास आलेल्या न्यायमूर्ती रानड्यांची शिस्त त्या कामात जाणवते. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत प्रतिनिधी पाठवून माहिती मिळवली आणि ती सरकारपुढे पुनःपुन्हा ठेवली. केवळ कळवळा पुरेसा नसतो, आकडे आणि साक्षी लागतात, हे पुण्याने येथे शिकून घेतले.

पण १८७५ चे उदाहरण पाहावे. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली आणि दंग्यांचे लोण आसपासच्या मुलखात पसरले. सभेच्या धुरिणांनी दोषाचा मुख्य भार सावकारीवर न ठेवता सरकारच्या सारावाढीवर ठेवला. या निदानात तथ्य होते. महसूल खरोखरच जाचक होता. तरीही ज्या संस्थेच्या सभासदांत सावकार बसत, तिला हेच निदान अधिक सोयीचे होते, हेही खरे. एखादा प्रश्न हाती घेणे ही एक निवड झाली. त्याचे कारण कोणते सांगायचे ही दुसरी, आणि बहुधा अधिक बोलकी.

१८९५ मध्ये सभेची सूत्रे टिळकपक्षाकडे गेली. रानडे-गोखले यांनी पुढील वर्षी वेगळी डेक्कन सभा काढली. १८९६-९७ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी खेड्यापाड्यांत जाऊन 'फॅमिन कोड'प्रमाणे रयतेचे हक्क काय, ते समजावू लागले. अर्ज लिहिणारी संस्था आता रयतेलाच बोलके करू लागली होती. सरकारला हे रुचले नाही. १८९७ मध्ये त्याने सभेचा निवेदने करण्याचा अधिकार अमान्य केला.

आता पुन्हा लोणावळ्याकडे वळू.

१९११ साली टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि पुण्याचे राजकारण दबलेले होते. एवढ्याने मात्र उलगडा होत नाही. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या लाटेत देशी कारखाना हाच देशसेवेचा पुरावा मानला जात होता. याच मावळात, तळेगाव दाभाडे येथे, पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून प्रत्येकाकडून एक एक पैसा जमवून हा निधी साकारला होता. जे लोक काचेच्या चिमणीसाठी पैसा-पैसा जमवत होते, त्यांना देशी भांडवलावर उभ्या राहणाऱ्या वीजकंपनीत संकट दिसावे कसे? जमशेटजींचे १९०४ मध्ये निधन झाले होते. त्यांचे अपुरे स्वप्न पुरे होत आहे, असेच सुशिक्षितांना वाटले असणार. लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे पाणी अडले, १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. त्यापाठोपाठ आंदर मावळात ठोकळवाडीचे धरण उभे राहू लागले. त्यावरील भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये चालू झाले. या दोन्ही वेळी मुळशीसारखा लढा उभा राहिला नाही.

मुळशीत बदलले ते काय? एक तर व्याप्ती. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळच्या धरणाखाली सुमारे पन्नास गावांची जमीन जाणार होती, आणि ती आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे होती. दुसरे म्हणजे वागणुकीची रीत. शेतकऱ्यांना विश्वासात न घेता त्यांच्या शेतांत चाचणीचे चर खणण्यात आले. जमीन घ्यायची होती ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. म्हणजे खासगी कंपनीसाठी सरकारी हात वापरून. आपल्या खाचरात कुदळ पडलेली पाहून मावळा उठला, तेव्हा त्याला कोणत्याही सभेचे मुखत्यारपत्र लागले नाही.

पुण्याने मात्र त्याच वेळी कान का टवकारले, याचे उत्तर पुण्याच्याच परिस्थितीत आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात असहकाराचा कार्यक्रम पक्का झाला. टिळकांचे अनुयायी गांधींच्या मार्गाबाबत द्विधा होते. दुसऱ्या बाजूने ब्राह्मणेतर चळवळ त्यांना विचारत होती की, तुमच्या राजकारणात कुणबी आहे कोठे? अशा क्षणी शिवकाळाचे नाव मिरवणारा 'मावळा' अन्यायाची फिर्याद घेऊन समोर आला. मुळशीचा प्रश्न न्याय्य होताच; शिवाय तो पुण्याच्या पुढाऱ्यांना हवाही होता. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे प्रश्न 'सार्वजनिक' होण्यास वेळ लागत नाही. अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी मुळशीवरील आपल्या ग्रंथात पुढाऱ्यांचे हे हितसंबंध बारकाईने तपासले आहेत. जिज्ञासूंनी तो अवश्य वाचावा.

विनायकराव भुस्कुटे यांनी खेडोपाडी फिरून लोकांना संघटित केले. 'जान किंवा जमीन' ही घोषणा झाली. गांधींनी एप्रिल १९२१ मध्ये 'यंग इंडिया'तून टाटांना फेरविचाराचे आवाहन केले. काम काही महिने थांबले, आणि वर्षअखेरीस पुन्हा सुरू झाले. मग अटका सुरू झाल्या. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच रणात. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांनाही कारावास घडला. स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत.

येथवरची कथा अनेकांना ठाऊक असते. खरा पेच त्यानंतरचा आहे.

मावळ्यांची मागणी 'धरण नको' अशी होती. पुण्यातील काही पुढाऱ्यांना, न. चिं. केळकर यांच्यासारख्या मवाळ होत चाललेल्या टिळकानुयायांना, 'मोबदला चांगला द्या' ही मागणी व्यवहार्य वाटत होती. धरण होणारच असेल, तर शेतकऱ्याच्या पदरात जास्तीत जास्त पडावे, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो हास्यास्पद नव्हता. पण मुळशीच्या कितीतरी जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडल्या होत्या किंवा त्यांच्या नावे झाल्या होत्या. कसणारा कूळ, मालक सावकार. मोबदल्याची रक्कम वाढली तर ती प्रथम कोणाच्या हाती पडणार, हे उघड होते. जमीन वाचली तर कुळाला भात मिळाले असते. जमिनीचे पैसे झाले तर सावकाराचे अडकलेले कर्ज वसूल होणार होते. १८७५ ची सावली १९२१ वर पडलेली दिसते ती अशी.

म्हणून मुळशीत एकाच प्रश्नाला दोन रूपे आली, आणि पाठिंबा देणाऱ्यांनी त्यांतले आपल्याला पेलणारे रूप उचलले. १९२३ च्या सुमारास केळकरांसारख्यांचे लक्ष कायदेमंडळाच्या निवडणुकांकडे वळले. गांधींनीही, बहुतेकांनी मोबदला स्वीकारला आहे आणि बापटांचा अहिंसेवर पूर्ण विश्वास नाही, या कारणांनी लढा थांबवावा असे मत दिले. या दोन्ही कारणांत खोटे काहीच नव्हते. जे थोडे उरले, ते बापटांसोबत उरले. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी कामावरची रेल्वे अडवली. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला.

१९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. मुळशीचे पाणी घाट उतरून कोकणात जाऊ लागले, आणि वीज मुंबईच्या गिरण्यांकडे.