इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून निवांत सायकलवर फिरता येतं, ते कुणामुळे?

दगडी घरं, दोन्ही बाजूंना झुडपांची हिरवी कुंपणं, मधून वळणावळणाचा चिंचोळा रस्ता आणि त्यावर रमतगमत चाललेली सायकल. इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या अशा रील्स तुमच्याही फीडवर येत असतील. बघताना वाटतं, हा देशच सायकलवाल्यांसाठी बनवलाय.

खरं तर ही सोय गेल्या दीडशे वर्षांत तुकड्यातुकड्यांनी उभी राहिली आहे. काही तुकडे संसदेच्या कायद्यातून मिळाले, काही बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर स्वयंसेवकांनी खपून तयार केले. आणि आपण कुठल्या तुकड्यावर आहोत हे माहीत नसेल, तर तीच निवांत सहल जिवावरही बेतू शकते.

सायकल टूरिंगची सुरुवात कशी झाली?

१८७८ साली उत्तर इंग्लंडमधल्या हॅरोगेट गावात 'बायसिकल टूरिंग क्लब' सुरू झाला. १८८३ मध्ये त्याचं नाव 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' झालं. आज हीच संस्था 'सायकलिंग यूके' म्हणून ओळखली जाते.

तेव्हाची सायकल म्हणजे पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच आणि मागचं एवढंसं. उतारावर तोल गेला की माणूस थेट डोक्यावर पडायचा. त्यामुळे क्लबने धोकादायक उतारांवर इशाऱ्याच्या पाट्या लावल्या. सायकलस्वारांना वाजवी दरात उतरता येईल अशी हॉटेलं ठरवली. अशा हॉटेलांच्या भिंतीवर क्लबचं पंख असलेल्या चाकाचं चिन्ह लागायचं. काही जुन्या इमारतींवर ते आजही दिसतं.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने दोन्ही चाकं जवळपास सारखी असलेली 'रोव्हर' सायकल आणली. १८८८ मध्ये डनलॉपचा हवा भरलेला टायर आला. सायकल चालवणं एकदम सोपं झालं आणि दुकानातले नोकर, कारकून, बायका असे सगळेच सुट्टीत गावाबाहेर पडायला लागले. एच. जी. वेल्सची १८९६ सालची 'द व्हील्स ऑफ चान्स' ही कादंबरी अशाच एका कापडदुकानातल्या नोकराच्या सायकल सहलीवर आहे.

रस्त्यावरचा हक्क कधी मिळाला?

सायकल हे वाहन आहे की नाही, हाच आधी वादाचा मुद्दा होता. १८८८ च्या कायद्याने सायकलला 'वाहन' ठरवलं आणि रस्त्यावर तिचा हक्क पक्का झाला. त्यात एक अट होती: समोरच्याला ओलांडून जाताना घंटी वाजवायची. ही अट १९३० पर्यंत होती.

कायद्याने रस्ता दिला, पण समाजाने लगेच दिला नाही. १८९८ मध्ये लेडी हार्बर्टन सायकलवरून सरे परगण्यातल्या ओकम गावच्या हॉटबॉय हॉटेलात पोहोचल्या. लांब झग्याऐवजी त्यांनी ढगळ विजार घातली होती. मालकीणबाईंनी त्यांना कॉफी रूममध्ये बसू दिलं नाही, बाजूच्या बारमध्ये बसा म्हणाल्या. सायक्लिस्ट्स टूरिंग क्लबने थेट कोर्ट गाठलं. १८९९ मध्ये ज्युरीने निकाल मात्र हॉटेलच्या बाजूने दिला. केस हरली, पण बाईने सायकल चालवताना काय घालावं यावर सगळीकडे चर्चा झाली.

बंद पडलेल्या रेल्वेने काय दिलं?

विसाव्या शतकात मोटारी वाढल्या आणि सायकलस्वार रस्त्याच्या कडेला ढकलले गेले. त्यांना पुन्हा जागा मिळाली ती एका अनपेक्षित ठिकाणी.

१९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे प्रमुख रिचर्ड बीचिंग यांनी तोट्यातल्या मार्गांवर अहवाल दिला. सुमारे ५,००० मैलांचे मार्ग आणि २,३०० पेक्षा जास्त स्थानकं बंद करा, अशी त्यात शिफारस होती. त्या काळात अनेक मार्ग खरंच बंद झाले. रूळ उखडले गेले आणि मागे झाडोऱ्याने भरलेल्या पट्ट्या उरल्या.

ब्रिस्टल आणि बाथ या शहरांमधला एक जुना मार्गही असाच पडून होता. १९७७ मध्ये ब्रिस्टलमध्ये सायकलवाल्यांचा 'सायकलबॅग' नावाचा गट तयार झाला. या गटाने १९७९ ते १९८६ या काळात स्वयंसेवकांच्या मदतीने त्या मार्गावर सुमारे १३ मैलांची, म्हणजे २१ किलोमीटरची वाट बनवली. याच गटातून पुढे 'सस्ट्रान्स' ही संस्था उभी राहिली. १९९५ मध्ये तिला लॉटरीच्या निधीतून ४ कोटी २५ लाख पौंड मिळाले आणि देशभर 'नॅशनल सायकल नेटवर्क'चं जाळं पसरलं.

रेल्वेच्या जुन्या वाटा निवांत सायकलिंगला इतक्या सोयीच्या का? कारण वाफेच्या इंजिनाला मोठा चढ झेपत नसे. म्हणून इंजिनिअरांनी टेकड्या कापल्या, भराव टाकले, बोगदे खोदले. तेव्हा इंजिनासाठी केलेली मेहनत आज तुमच्या गुडघ्यांच्या कामी येते. बाथजवळचा कूम डाउन बोगदा तर दीड किलोमीटरपेक्षा लांब आहे. १९६६ मध्ये बंद झालेल्या या रेल्वेमार्गावरून २०१३ पासून सायकली जातात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी कुठला मार्ग?

रेडिंग ते बाथ हा चांगला नमुना आहे. 'नॅशनल सायकल नेटवर्क'चा ४ नंबरचा मार्ग इथे बराचसा केनेट अँड एव्हन कालव्याच्या काठाने आणि अधूनमधून गावरस्त्यांवरून जातो. कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला. काठावरची वाट होती बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी. पाणी सपाट, म्हणून वाटही सपाट.

डेव्हायझेस गावाजवळ मात्र जमीन एकदम उतरते. तिथे बोटी खालीवर नेण्यासाठी एकामागून एक २९ लॉक, म्हणजे पाण्याचे बंदिस्त टप्पे बांधले आहेत. पुढे ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनला जुनं सॅक्सन चर्च आणि चौदाव्या शतकातलं प्रचंड धान्याचं कोठार आहे. शेवटी बाथ: रोमन स्नानगृहं, अठराव्या शतकातली अर्धचंद्राकृती 'रॉयल क्रेसेंट' आणि १९८७ पासून जागतिक वारशाचा दर्जा. रोज ४०-४५ किलोमीटर धरले तर तीन दिवसांत आरामात होतं. पुढे ब्रिस्टलला जायला ती जुनी रेल्वेवाट आहेच.

कुठे सायकल चालते, कुठे नाही?

इथे अनेक पर्यटक फसतात. शेतातून जाणारी प्रत्येक वाट सायकलसाठी नसते.

- फूटपाथ: पिवळ्या बाणाची वाट. फक्त चालणाऱ्यांसाठी. सार्वजनिक वाटांपैकी मोठा हिस्सा हाच आहे.
- ब्रायडलवे: निळ्या बाणाची वाट. मूळची घोड्यांसाठी. १९६८ च्या कायद्याने सायकललाही परवानगी मिळाली, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी जाऊ द्यायचं.
- कालव्याकाठची वाट: अरुंद असते. वेग कमी ठेवायचा आणि चालणाऱ्यांना आधी वाट द्यायची.

शेताचं फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं. उघडं राहिलं तर गुरं-मेंढ्या बाहेर पडतात.

मग धोका कुठे आहे?

धोका आहे त्या रील्समधल्या सुंदर गावरस्त्यांवर. वेगळी पाटी नसेल तर वस्तीबाहेरच्या अशा एकेरी-दुहेरी रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर असते. उंच कुंपणांमुळे वळणापलीकडचं काही दिसत नाही.

'नॅशनल सायकल नेटवर्क'च्या पाट्या लागलेले सगळे रस्तेही सुरक्षित नव्हते. २०२० मध्ये सस्ट्रान्सनेच जाळ्याचा जवळपास चौथा हिस्सा वगळला किंवा त्याचा दर्जा बदलला, कारण त्या रस्त्यांवर रहदारी फार होती. म्हणून जुना नकाशा किंवा जुनी ब्लॉगपोस्ट घेऊन निघू नका.

जानेवारी २०२२ मध्ये 'हायवे कोड' बदलला. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला ओलांडताना गाडीने किमान दीड मीटर अंतर ठेवावं, वेग जास्त असेल तर त्याहून अधिक, असं त्यात सांगितलं आहे.

निघण्याआधी एवढं बघा

- वाहतूक भारतासारखीच डावीकडून चालते.
- हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही, पण घातलेलं बरं. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लागतोच.
- बऱ्याच रेल्वेगाड्यांत सायकल नेता येते, पण काही कंपन्यांकडे आधी जागा राखून ठेवावी लागते आणि गर्दीच्या वेळी बंदी असू शकते. घडीची सायकल असेल तर काम सोपं होतं.
- मार्ग ठरवताना आजच्या नकाशावर एकच गोष्ट तपासा: वाट गाड्यांपासून वेगळी आहे की रस्त्यावरून जाते? वेगळी असेल तर घरातल्या लहानांनाही घेऊन निघा. रस्त्यावरून असेल तर त्या रस्त्यावर गाड्या किती आणि किती वेगाने जातात, ते बघूनच ठरवा.