फितूर, हेर आणि परका : शिवकालीन चित्रमालिकेतील खलत्वाची विभागणी

१

फेब्रुवारी २०२५मध्ये लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित 'छावा' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातील दोन खलस्थानांना मिळालेला प्रतिसाद अगदी भिन्न होता. औरंगजेबाविषयीचा प्रेक्षकांचा संताप पुढील काही आठवड्यांत खुलताबादच्या कबरीच्या वादात जाऊन मिसळला. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर मात्र शिर्के घराण्याच्या आजच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. परका शत्रू प्रेक्षागृहाबाहेर असतो, फितुराचे आडनाव मात्र प्रेक्षकांपैकीच कोणाचे तरी असते, असा या घटनेचा अर्थ सकृद्दर्शनी लावता येईल. तो पुरेसा आहे का, हे या लेखाच्या अखेरीस तपासावे लागेल.

ऐतिहासिक कथनात खलत्वाची विभागणी कशी होते आणि त्या विभागणीतून कोणते प्रश्न टळतात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आधार घेतला आहे तो मुख्यतः दिग्पाल लांजेकर यांच्या 'श्री शिवराज अष्टक' या चित्रमालिकेचा आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या बखर, नाटक व कादंबरी या परंपरेचा.

२

'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' (२०२२), 'शेर शिवराज' (२०२२) आणि 'सुभेदार' (२०२३) हे या मालिकेतील पहिले पाच चित्रपट. भालजी पेंढारकरांच्या 'नेताजी पालकर' (१९३९) किंवा 'छत्रपती शिवाजी' (१९५२) या चित्रपटांशी त्यांचे नाते उघड आहे. पण त्यांचा पिंड वेगळा आहे. एक मोहीम, तिची आखणी, वेशांतर, शत्रूच्या गोटातील शिरकाव आणि मोजक्या माणसांचा छापा ही त्यांची रचना हेरपटाची आहे. बहिर्जी नाईक हे पात्र पुन्हा पुन्हा येते ते याच कारणाने. शाहिस्तेखानावरील १६६३च्या छाप्याची कथा सांगणाऱ्या 'फत्तेशिकस्त'ची जाहिरात 'सर्जिकल स्ट्राईक' या शब्दांत झाली, हेही येथे अर्थपूर्ण आहे. सतराव्या शतकातील घटना एकविसाव्या शतकातील राष्ट्र-राज्याच्या शब्दसंग्रहात बसवली, की तिच्या सीमारेषाही आजच्याच होतात. सीमेच्या आत आपले, सीमेबाहेर परके आणि सीमा विकणारा तो फितूर, असा हा त्रिकोण आहे.

हेरपट या प्रकाराला या त्रिकोणाची गरज सर्वत्र भासते. १९६२च्या 'डॉक्टर नो'पासून सुरू झालेल्या जेम्स बाँड मालिकेत शत्रू बहुधा परदेशी किंवा कोणत्याच देशाचा नसलेला असतो. 'गोल्डनआय'मध्ये (१९९५) बाँडचा जुना सहकारी, ००६ या क्रमांकाचा हेर ट्रेव्हेलियन, हाच शत्रू निघतो. पण मग कथा लगेच सांगते की त्याचे आईवडील कोझॅक होते आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी त्या लोकांना सोव्हिएत रशियाच्या हवाली केले होते. एका अर्थी येथे ब्रिटिश राज्यावर आरोप झाला आहे. पण कथानकाच्या व्यवहारात तो विरतो आणि 'तो मुळात आपला नव्हताच' एवढेच उरते. फितुराला परका ठरवून आतील प्रश्न बाहेर टाकण्याची ही युक्ती आहे. मराठी परंपरेला ती अपरिचित नाही, हे पुढे दिसेल.

३

शिवकालाचा पुरावा या त्रिकोणात सहज मावत नाही. १६५९मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा मावळातील देशमुखांना आदिलशाहीची फर्माने आली. कान्होजी जेधे महाराजांकडे राहिले. खंडोजी खोपडे खानाला मिळाला आणि पुढे हातपाय तोडण्याची शिक्षा भोगता झाला. दोघेही एकाच प्रकारच्या वतनाचे धनी होते आणि दोघांपुढे एकच पेच होता. आदिलशाहीच्या दप्तराच्या दृष्टीने पाहिले तर फितूर होते ते जेधे; खोपडे धन्याशी इमान राखणारा ठरला असता. पुढल्याच वर्षी पन्हाळ्याहून महाराज विशाळगडाकडे निघाले, तेव्हा त्या गडाला वेढा घालून बसले होते शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणीचे जसवंतराव दळवी.

ही गुंतागुंत भाषेतच साठलेली आहे. फितूर, इमान, बेइमान, निमकहराम, निमकहलाल हे निष्ठेच्या व्यवहारातील आपले जवळजवळ सर्व कळीचे शब्द फारसी-अरबीतून आले आहेत. परक्या दरबाराशी जडलेल्या संबंधांतूनच मराठीने निष्ठेची परिभाषा घडवली. ह. ना. आपटे यांना या पेचाची पुरेशी जाणीव होती. 'उषःकाल'मधील वृद्ध किल्लेदार रंगराव अप्पा विजापूरच्या अन्नाला जागू पाहतो आणि मुलगा नानासाहेब स्वराज्याकडे ओढला जातो. कादंबरीची सहानुभूती मुलाकडे असली, तरी बापाच्या निष्ठेला ती हीन ठरवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, ब्रिटिश अमलाखाली लिहिणाऱ्या लेखकाला दोन निष्ठांमधला ताण स्वानुभवाचा होता, हे यामागील एक कारण असावे.

हेर आणि फितूर यांच्यातील भेद तर त्याहून निसरडा आहे. दोघेही शत्रूच्या गोटात जातात, त्याचे अन्न खातात, त्याचा विश्वास मिळवतात. 'फर्जंद'चा नायक कोंडाजी फर्जंद याने १६७३मध्ये अवघ्या साठेक माणसांनिशी पन्हाळा घेतला. याच कोंडाजीचा शेवट जंजिऱ्यावर झाला. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभी तो रुसल्याचा बहाणा करून सिद्दीला जाऊन मिळाला, आतून किल्ला उडवण्याचा बेत फुटला आणि तो मारला गेला. बेत फुटला नसता किंवा त्याची माहिती मागे उरली नसती, तर कोंडाजीचे नाव कोणत्या यादीत गेले असते? हेर आणि फितूर यांची कृती एकच असते. तिचा अर्थ ठरतो कथकाला काय ठाऊक आहे यावरून.

नेताजी पालकर या दोन्ही रकान्यांत बसत नाही. १६६६मध्ये तो आदिलशाहीकडे आणि तेथून मोगलांकडे गेला, पुढे मुहम्मद कुलीखान झाला आणि १६७६मध्ये परतून पुन्हा हिंदू धर्मात आला. स्वतः संभाजी महाराज डिसेंबर १६७८मध्ये दिलेरखानाच्या छावणीत गेले आणि सुमारे वर्षभराने परतले. नायकाच्याच चरित्रात असे प्रकरण असणे ही कथनापुढची मोठी अडचण आहे. मराठी साहित्याने ती कशी सोडवली, हे पाहण्यासारखे आहे.

४

फेब्रुवारी १६८९मध्ये संगमेश्वर येथे संभाजी महाराज पकडले गेले आणि ११ मार्च रोजी त्यांची हत्या झाली. या घटनेला फितूर कोण, या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली आहेत.

मोगलांच्या 'मआसिर-इ-आलमगिरी'त फितूर नाहीच. तेथे हेर बातमी आणतात आणि मुकर्रबखान कोल्हापुरावरून निवडक स्वारांनिशी अवघड घाट उतरून जातो. जेत्याला फितूर लागत नाही. त्याला सेनापतीचे शौर्य पुरते. पाँडिचेरीच्या फ्रान्स्वा मार्टिनच्या रोजनिशीत दोषाचे बोट दरबारातील ब्राह्मण अधिकाऱ्यांकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीस बखर लिहितात, तेव्हा सारा दोष कवी कलशाच्या माथी येतो. मल्हार रामराव हे बाळाजी आवजी चिटणिसांच्या वंशातले; बाळाजींना १६८१मध्ये कटाच्या संशयावरून संभाजी महाराजांनी देहदंड दिला होता. कवी कलश उत्तरेकडचा, कनोजी ब्राह्मण. बखरीत 'कलश'चा 'कलुषा' होतो. 'कलुष' म्हणजे मलिनता. नावाचा अपभ्रंशच निवाडा होऊन बसतो. ट्रेव्हेलियनच्या कथेत पाहिलेली युक्ती ती हीच. राजा बिघडला, कारण एका परक्याने त्याला बिघडवले. प्रत्यक्षात हा 'परका' धन्याला सोडून गेला नाही आणि त्याच्याबरोबरच मारला गेला.

वा. सी. बेंद्रे यांच्या १९६०च्या चरित्राने आणि कमल गोखले यांच्या 'शिवपुत्र संभाजी'ने (१९७१) संभाजी महाराजांची प्रतिमा पुराव्यानिशी सावरली. शिवाजी सावंतांच्या 'छावा'ने (१९७९) ती घराघरांत नेली. गडकऱ्यांच्या अपूर्ण 'राजसंन्यास'मधील विलासी संभाजी मागे पडला आणि कवी कलश स्वामिनिष्ठांच्या पंक्तीत आला. पण कथनाची चौकट तीच राहिल्यामुळे रिकामी झालेली जागा कोणीतरी भरणे भाग होते. अण्णाजी दत्तो आणि सोयराबाई ही नावे पुढे आली आणि अखेरच्या प्रसंगासाठी शिर्के. जेधे शकावलीत शिर्क्यांचे कवी कलशाशी झालेले भांडण आणि त्यासाठी महाराजांचे येणे नोंदलेले आहे, म्हणजे वैराला समकालीन आधार आहे. पण वैराची नोंद आणि वाटाड्या होऊन मोगलांना संगमेश्वरी आणल्याची नोंद यांत अंतर आहे. ते अंतर कादंबरी आणि चित्रपट कल्पनेने ओलांडतात. फितुराची जागा कधी रिकामी राहत नाही. बदलतो तो तिचा धनी.

५

या जागेची गरज का भासते? 'फितुरी झाली' असे म्हटले की पराभवाची मीमांसा एका माणसाच्या चारित्र्यापाशी थांबते. आणखी एक पाऊल पुढे टाकले तर वतनाचा प्रश्न समोर येतो. शिवाजी महाराजांनी नवी वतने देण्याचे धोरण जाणीवपूर्वक आवरले होते. शिर्क्यांचे गाऱ्हाणे दाभोळच्या देशमुखीचे होते. रायगडाच्या पाडावाशी परंपरेने जोडलेल्या सूर्याजी पिसाळाच्या कथेतही मोल म्हणून येते ती वाईची देशमुखीच. रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त वतनदारांचे जे वर्णन केले आहे, त्याचा आशय असा की ते नावाला प्रजा, वस्तुतः राज्यात वाटा मागणारे छोटे राजेच होत. अशा समाजात देशमुखाची पहिली निष्ठा वतनाशी असणे ही व्यक्तीची विकृती नव्हे, व्यवस्थेची रीत आहे.

शिर्क्यांच्या कथेचा उत्तरार्ध चित्रपटाच्या कक्षेबाहेर राहतो. राजाराम महाराज जिंजीत वेढले गेले असताना गणोजी शिर्के मोगलांच्या छावणीत होते. १६९८च्या आरंभी जिंजी पडण्यापूर्वी महाराज निसटले, त्यात गणोजींचे साह्य होते. परंपरा सांगते की त्यासाठी खंडो बल्लाळ चिटणिसांनी आपले दाभोळचे वतन शिर्क्यांना सोडून दिले. एका छत्रपतीचा फितूर ठरलेला माणूस दुसऱ्या छत्रपतीचा तारक होतो, आणि दोन्ही ठिकाणी विषय एकाच वतनाचा असतो. राजाराम महाराजांनी वतनांचे आमिष दाखवून सरदार परत मिळवले, हे इतिहासाने मान्य केलेले आहे. शत्रूपक्षही याला अपवाद नव्हता. संभाजी महाराजांना पकडणारा मुकर्रबखान हा मूळचा गोवळकोंड्याचा सरदार शेख निजाम, कुतुबशाही बुडत असताना मोगलांना मिळालेला. आणि १६८७मध्ये गोवळकोंड्याचा दरवाजा मोगलांना उघडून दिला तो अब्दुल्लाखान पनी या किल्ल्यातल्याच सरदाराने.

६

नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत हे ग्रंथ शिकवताना परका म्हणजे कोण, हा प्रश्न टाळता येत नाही. औरंगजेब दाहोदला जन्मला, आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे दख्खनेत राहिला आणि मराठवाड्याच्या मातीत पुरला गेला. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे १७६०मध्ये निजामाचा पराभव झाला त्यात पेशव्यांच्या बाजूने इब्राहीमखान गारद्याचा तोफखाना होता. हा गारदी त्याआधी निजामाच्या चाकरीत होता. पुढल्याच वर्षी पानिपतावर तो भाऊसाहेबांना सोडून गेला नाही आणि त्यापायी मारला गेला. धर्म, जन्मस्थान आणि पूर्वीची चाकरी यांपैकी कशावरूनही त्याची निष्ठा आधी वर्तवता आली नसती.

हैदराबाद मुक्तिसंग्रामात हा प्रश्न अधिक जवळ येतो. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करीत होता. तो परमुलखातून चालून आलेला नव्हता. रझाकारांनी या भागात केलेले अत्याचार खेडोपाडीच्या स्मृतीत आहेत. त्यांना विरोध करणारा 'इमरोज'चा संपादक शोएबुल्लाखान ऑगस्ट १९४८मध्ये त्यांच्याच हातून मारला गेला, हेही त्याच इतिहासात आहे. सप्टेंबरमध्ये पोलीस कारवाई झाली. त्यानंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरातील बळींची संख्या २७,००० ते ४०,००० असावी असा अंदाज दिला आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड व उस्मानाबाद यांची नावे नोंदली. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. रझवीचे वैर ज्यांच्याशी जोडले गेले, त्यांतल्या बहुतेकांचा त्याच्याशी शेजाराखेरीज किंवा धर्माखेरीज कोणताही संबंध नव्हता.

येथे आरंभीच्या विधानाकडे परतावे लागते. फितुराचे वंशज प्रेक्षागृहात असतात आणि परक्याचे नसतात, असे म्हणणे अपुरे आहे. फितुराच्या वंशजांना आक्षेप घेता येतो, कारण समाज त्यांना आपले मानतो. त्यांची मागणी 'आम्हाला त्या यादीतून वगळा' एवढीच असते. परक्या शत्रूला मात्र वंशज नेमून दिले जातात. त्यांचे आडनाव वेगळे, गाव आपलेच, पिढ्याही येथेच गेलेल्या. पण त्यांच्याकडे दिलगिरी मागण्याची सोय नसते. दोन्ही खलस्थाने एकाच चौकटीची आहेत आणि दोन्हींचा भार जिवंत माणसांवर पडतो.

साहित्याच्या अभ्यासकाने चित्रपटांकडून पुराव्याची शिस्त मागावी, असा येथे आग्रह नाही. कथेला खलनायक लागतोच. पण कोणत्या काळाने कोणाला त्या जागी बसवले आणि त्याला बसवल्यामुळे कोणता प्रश्न विचारायचा राहिला, हे सांगणे समीक्षेचेच काम आहे. शिर्क्यांच्या प्रकरणात राहून गेलेला प्रश्न वतनाचा होता. आपल्या प्रदेशाच्या प्रकरणात तो शेजाराचा आहे, आणि तो अजून पुरता विचारला गेलेला नाही.