पाण्याचं छत

आमच्या वसमतचा उन्हाळा कसा असतो, ते भर दुपारी हळदीच्या मोंढ्यात उभ्या असलेल्या माणसाला विचारावं. माणसं सावलीला जातात, जनावरं झाडाखाली बसतात. कॉम्प्युटरने कुठे जायचं? माझा एक जुना विद्यार्थी, उर्दू माध्यमातून दहावी झालेला, कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. लग्नाचे व्हिडिओ जोडण्यासाठी त्याने जुन्या भागांचं एक मशीन उभं केलं. दुपार झाली की ते बंद पडायचं. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी थांबतो, आणि पंख्याने गरम हवाच फिरत होती. तयार वॉटर कूलिंग घेण्याएवढे पैसे नव्हते. मग त्याने वॉटर ब्लॉक घरीच करायचं ठरवलं.

वॉटर ब्लॉक म्हणजे तांब्याची चपटी, पोकळ डबी. तिचा तळ प्रोसेसरला टेकतो. एका नळीने पाणी आत येतं, दुसरीने उष्णता घेऊन बाहेर जातं. तेवढ्याच जागेतल्या हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पाणी वाहून नेतं. ६५ वॅटच्या प्रोसेसरवरून मिनिटाला एक लिटर पाणी फिरवलं, तर ते जेमतेम एक अंशाने तापतं.

भंगारातून तांब्याची जाड पट्टी आणली. ड्रिलने तिच्यात चर पाडले. झाकण बसवायला तो गेला कल्हईवाल्या चाचांकडे. चाचांनी तांबं तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं आणि झाकण असं बसवलं की थेंब गळेना. पाणी फिरवायला कूलरची मोटर, गार करायला मोटारसायकलचा जुना रेडिएटर.

पण मशीन तरीही तापलं. पोरगा वैतागून म्हणाला, "सर, ही बाहेरच्या लोकांची कामं आहेत. आपल्यात कुणी केलंय असलं काही?"

हा प्रश्न मला लागला. कारण त्याला इतिहास शिकवणाऱ्यांत मीही होतो. मलिक अंबर शिकवला तो गनिमी काव्याचा आणि जमीन महसुलाचा. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस निजामशाहीचा कर्ता झाला, हेही सांगितलं. पण १६१० मध्ये खडकी वसवल्यावर तिथे पाणी आणलं कसं, हे मी कधी फळ्यावर काढून दाखवलं नव्हतं. खडकी म्हणजेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर.

मलिक अंबरची नहर जमिनीखालून जाते. बंद नळातून पाणी नेताना मोठी अडचण असते हवेची. उंचवट्यावर हवा कोंडली की पाण्याची वाट अडते. म्हणून नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी उभे मनोरे बांधले. त्यांतून पाणी वर चढतं, कोंडलेली हवा निघून जाते, दाब आटोक्यात येतो आणि पाणी पुढे जातं.

आमच्या ब्लॉकचं दुखणं हेच होतं! पाणी बाहेर पडायचं तोंड खाली आलं होतं आणि वरच्या कोपऱ्यात हवा बसली होती. ब्लॉक फिरवून तोंड वर घेतलं. नळीच्या सगळ्यात उंच जागी एक उभी नळी जोडून तिचं तोंड उघडं ठेवलं. बुडबुडे निघून गेले. एका अर्थाने तो आमचा मनोराच.

दुसरा धडा पाणचक्कीचा. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ हरसूलच्या बाजूने मातीच्या नळांतून पाणी आणलं. ते उंच भिंतीवर चढतं आणि हौजात कोसळतं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी दळण व्हायचं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण हा हौज १६४ फूट लांब, ३१ फूट रुंद आहे आणि त्याचा तळ हेच खालच्या मोठ्या दालनाचं छत आहे. छतावर पडणारं ऊन पाण्यात जातं, पाणी वाहत राहतं, आणि खाली टेकलेल्या मुसाफिराला गारवा मिळतो.

पाणी आणि दालन यांच्यामध्ये फक्त तळ. आमच्या डबीतही तेच. मात्र तळ नीट टेकला पाहिजे. आमची पट्टी ड्रिलच्या कामात किंचित वाकली होती. काचेवर पॉलिशपेपर ठेवून ती तासभर घासली, थर्मल पेस्टचा पातळ थर दिला आणि मशीन दुपारभर चाललं. तरी मर्यादा आहेच. अशा फिरत्या पाण्याने प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा गार होत नाही. ती किमया माठाची, कारण तिथे पाण्याची वाफ होते.

मोठ्या कंपन्यांनाही हेच कोडं सोडवावं लागलं. आयबीएमने १९८० मध्ये जाहीर केलेल्या ३०८१ या संगणकात प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा दट्ट्या टेकवला होता आणि वरच्या पट्टीतून पाणी फिरत होतं. नंतर कमी तापणाऱ्या चिप आल्या आणि पाणी मागे पडलं. चिप पुन्हा तापू लागल्या, पाणी परत आलं. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झालं, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. त्याच मालिकेतला पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' थेट द्रवाने थंड ठेवला जातो.

मलिक अंबरने कॉम्प्युटरचा शोध लावला, असं मी वर्गात सांगणार नाही. तसल्या फुशारक्यांनी कुणाचंच भलं होत नाही. पण ज्याला 'आपल्यात कुणी केलंय का' असं वाटतं, त्याला नहर दाखवता येते, कल्हईवाले चाचाही दाखवता येतात. शहर वाढलं तशा नहरी फुटल्या, बुजल्या. कल्हईची भट्टीही आता रोज पेटत नाही. चाचांचा मुलगा दुसऱ्याच धंद्यात आहे.

दरवर्षी सहल पाणचक्कीला जाते. मुलं मासे बघतात, फोटो काढतात, डबे खातात. यंदा त्यांच्या वहीत मी एकच प्रश्न लिहून देणार आहे : हौजाखालचं दालन गार का?