सुई प्रथम कोणाच्या दंडात?

बदली होऊन बेंगळुरास आलेल्या मराठी कुटुंबाची पहिली खरेदी बहुधा चिकपेटेत होते. रेशमी लुगड्यांची दुकाने पाहता पाहता, हे गाव एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते, ही आठवण कोणीतरी काढतोच. मात्र पेठेतून किल्ल्याच्या बाजूस गेल्यावर व्हिक्टोरिया रुग्णालय लागते, त्यापाशी आपण क्वचितच थांबतो.

या रुग्णालयाची कोनशिला २२ जून १८९७ रोजी, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त बसली. त्याच महोत्सवाच्या रात्री पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. प्लेग हटविण्यासाठी गोऱ्या शिपायांनी घराघरांत, देवघरांपर्यंत शिरावे, हे लोकांना सहन झाले नव्हते. रोगाचे भय मोठे होते, परंतु उपाय करणाऱ्याविषयीचा अविश्वास त्याहून मोठा ठरला.

वस्तुतः विश्वासाचा दुसरा मार्ग मुंबईत अगोदरच दिसला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर. त्याच कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत हाफकीन यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली.

ऑगस्ट १८९८ मध्ये प्लेग आगगाडीच्या वाटेने बेंगळुरास पोहोचला. दाट वस्तीच्या जुन्या पेठा ओस पडू लागल्या. मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या मोकळ्या वसाहतींच्या वाढीस या साथीनेच वेग दिला. त्या दिवसांत म्हैसूर सरकारच्या नोकरीत डॉ. पल्पू होते. जातीमुळे त्रावणकोर संस्थानाने ज्यांना नोकरी नाकारली, ते हे वैद्य बेंगळुरात लसनिर्मितीचे आणि प्लेगच्या छावणीचे काम पाहत होते. स्वतःच्या गावाने दूर ठेवलेला मनुष्य परक्या गावात मृत्यूच्या तोंडी उभा राहिला, हे परगावी चाकरी करणाऱ्या आपण तरी विसरू नये.

लसीच्या इतिहासात काळी पानेही आहेत. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे एका दूषित बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकीन यांच्यावर ठपका आला. १९०७ मध्ये तो दूर झाला. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने हेही शिकले पाहिजे, कारण झालेली चूक लपविली की पुढचे सत्यही लोकांना खोटे वाटते.

१९५५ मध्ये बेंगळूर मेडिकल कॉलेज निघाले. त्याचे विद्यार्थी याच व्हिक्टोरिया रुग्णालयात रोग्यांच्या उशाशी शिकतात. कोणती लस केव्हा द्यावी, हे त्यांस मुखोद्गत असते. परंतु ज्ञान आणि निष्ठा या दोन वस्तू आहेत. १६ जानेवारी २०२१ पासून देशात कोरोनाची लस प्रथम आरोग्यसेवकांना देण्यात आली, तेव्हा लसीची माहिती असणारेही काहीजण कचरले. त्यांस दोष देण्याची आमची इच्छा नाही. शंका घेणे हा शास्त्राचा धर्मच आहे. मात्र शंका मनात दडवून रोग्यास उपदेश करणे, हा तो धर्म नव्हे. ती उघड विचारावी, पुरावा तपासावा आणि पटले म्हणजे आपला दंड प्रथम पुढे करावा.

पुण्याने सक्तीचे फळ पाहिले आणि मुंबईने उदाहरणाचे. चिकपेटेतून परतताना त्या रुग्णालयासमोर क्षणभर थांबलो, तर हे दोन्ही धडे आपणांस आठवतील.