धंदा कुणाचा, नफा कुणाचा? — उसाच्या रानातली मालकीची गोष्ट



गेल्या काही वर्षांत तुमच्याही गावात एखादा माणूस हातात कागद घेऊन येऊन गेला असेल. कुणी म्हणतो, शेतकऱ्यांची कंपनी काढू, शेअर घ्या. कुणी म्हणतो, चौघांत मिळून भागीत शीतगृह घालू. कुणी खासगी कारखान्याच्या ऊस-नोंदीचा अर्ज पुढे करतो, तर कुणी सहकारी संस्थेचं सभासद व्हा म्हणतो. बोलणं सगळ्यांचंच गोड. जो तो म्हणतो, "हे आपलंच आहे." पण कायद्याच्या पुस्तकात 'आपलं' या शब्दाचे अर्थ चार-पाच आहेत, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे. सही करून बसल्यावर तो कळून उपयोग नाही.

म्हणून कुठलाही कागद पुढे आला की चार प्रश्न विचारावेत. मालक कोण? मत कुणाला? खर्च जाऊन उरेल तो पैसा कुणाचा? आणि बुडालं तर कुणाचं बुडणार?

याची उत्तरं शोधायला लांब जायला नको. आपल्या महाराष्ट्रात एकाच पिकावर, उसावर, शंभर वर्षांत मालकीचे जवळपास सगळे प्रकार होऊन गेले. ती हकीकत क्रमानं बघू.

एकट्याचं गुऱ्हाळ

आधी ऊस गुळासाठीच होता. नीरा, गोदावरी, प्रवरा या नद्यांचे कालवे निघाले. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि बाजरीच्या रानात पाटाचं पाणी आलं. ज्याचा ऊस त्याचं गुऱ्हाळ. बैल त्याचे, चरक त्याचा किंवा भाड्याचा, काहील त्याची. कुणाला विचारायचं कारण नाही. आज गाळायचं ठरलं की आज चुलवाण पेटलं. उरलं ते सगळं त्याचंच. एकट्याच्या मालकीचा हा मोठा गुण.

पण उसाला बारा ते अठरा महिने लागतात. तेवढे दिवस पेंड, खत, मजुरी, पाणीपट्टी भागवायची कशी? मग अडत्याकडून उचल घ्यायची, आणि गूळ त्याच्याच पेढीवर घालायचा. अडत, तोलाई, हमाली कापून जी पट्टी हातात पडेल ती मुकाट घ्यायची. म्हणजे मालक हा, पण भाव ठरवणारा दुसराच. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली, गुळाचे भाव कोसळले आणि कालव्यावरचे बागायतदार कर्जात रुतले. एकट्याच्या धंद्यात धंद्याचं कर्ज आणि घरचं कर्ज वेगळं नसतं. गुऱ्हाळ बुडालं की जमीनही त्याच्यापाठी जाते.

भागीचा धंदा

भागी आपल्याला नवी नाही. भागीची विहीर, भागीची बैलजोडी आपण पिढ्यान् पिढ्या बघतो. भांडवल थोडं थोडं चौघांचं, उरलं तर वाट्याप्रमाणं वाटून घ्यायचं. या व्यवहाराला १९३२ साली भागीदारीचा कायदा झाला, आणि तोच आजही चालतो.

त्यातलं एक कलम पुष्कळांना माहीत नसतं. पेढीच्या सगळ्या कर्जाला प्रत्येक भागीदार पुरा जबाबदार असतो. तुमचा वाटा चार आण्यांचा असला आणि बाकीच्यांनी हात वर केले, तर सोळा आणे कर्जासाठी सावकार तुमच्या दारात येऊ शकतो. दुसरी गोष्ट, पेढीची नोंदणी केली नसेल तर करारापोटीच्या येण्यासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. तेव्हा भागी जरूर करा, पण करार लिहून, नोंदवून, आणि ज्याच्या शब्दावर विश्वास आहे त्याच्याशीच.

कंपनी आली

१९३२ साली सरकारनं बाहेरून येणाऱ्या साखरेवर संरक्षक जकात बसवली. त्याआधी हिंदुस्थानात साखरेचे तीसेक कारखाने होते. पाच वर्षांत ते एकशेतीसच्या वर गेले. गिरणीला लागणारं यंत्र लाखो रुपयांचं. ते एकट्या-दुकट्याचं काम नव्हे. म्हणून कंपन्या निघाल्या. भांडवलाचे लहान लहान भाग पाडायचे, ते शेअर लोकांना विकायचे. ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त. नफ्यातून शेअरवर लाभांश. बुडालंच तर शेअरचे पैसे गेले, घराला हात नाही. अनोळखी माणसांचा पैसा एकत्र आणायला ही सोय नामी आहे, यात शंका नाही.

आपल्याकडे हरेगावला बेलापूर कंपनी आधीच उभी होती. पुढं टिळकनगर, वालचंदनगर, रावळगाव इथं कारखाने निघाले. त्यांनी मोठाले मळे केले, यांत्रिक नांगरट आणली, नवीन बेणं लावलं. ते शिकण्यासारखंच होतं. पण ऊस आणायचा कुठून? कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी लांब मुदतीच्या खंडानं घेतल्या. जमीन शेतकऱ्याची, पाणी सरकारचं, ऊस आणि साखर कंपनीची. शेतकऱ्याच्या हाती ठरलेला खंड. साखर तेजीत गेली तरी खंड तेवढाच. कुणी तर आपल्याच रानात मजुरीला जाऊ लागला.

यात कंपनीनं लबाडी केली असं म्हणायचं कारण नाही. कंपनीचा मालक म्हणजे शेअरवाला, आणि त्याला चांगला लाभांश देणं हे तिचं काम. कंपनीच्या वहीत ऊस खर्चाच्या बाजूला असतो, आणि खर्च कमी करावा असंच प्रत्येक धंदेवाला बघतो.

शेतकऱ्यांनीच कंपनी काढली तर? तेही झालं. पुणे जिल्ह्यातल्या सासवडचे माळी बागायतदार सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ जाऊन राहिले होते. त्यांनी १९३२ साली आपली कंपनी काढून माळीनगरचा कारखाना उभारला. ऊस पिकवणारे आणि शेअरवाले तेच. साखर कारखाना चालवणं शेतकऱ्याला जमतं, हे या लोकांनी सहकारी कारखान्यांच्या कितीतरी आधी दाखवून दिलं.

एक माणूस, एक मत

आता सहकार. इंग्लंडात मँचेस्टरजवळ रॉचडेल गावी १८४४ साली अठ्ठावीस लोकांनी, त्यात कित्येक विणकर, पै पै जमवून पीठ, लोणी, साखर विकायचं दुकान काढलं. नियम साधे. भांडवल कितीही घाला, मत एकच. नफा वाटायचा तो ज्यानं जेवढी खरेदी केली त्या मानानं. सगळ्या सहकाराचं बी तिथलंच म्हणतात.

आपल्याकडे १९०४ साली पतपेढ्यांचा कायदा झाला. प्रवराकाठच्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली गावची सहकारी पतपेढी काढली. फार शिकलेला नसलेला हा शेतकरी, पण त्याचा हिशेब पक्का होता. १९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. ऊस उत्पादकांनीच सहकारी कारखाना काढावा, हा विचार तिथं मांडला गेला. आंध्रात असे लहान प्रयत्न आधी झाले होते, पण महाराष्ट्रात हे नवं होतं. विखे पाटील आणि त्यांचे सोबती गावोगाव हिंडले. नुकतं कर्जातून वर आलेल्या शेतकऱ्याला "शेअर घे" म्हणणं सोपं नव्हतं. पैसे बुडतील ही धास्ती घराघरात होती. तरी भांडवल जमलं. १९४८ साली प्रवरा कारखान्याची नोंदणी झाली, सरकारनं भाग घेतले, वित्त महामंडळानं कर्ज दिलं आणि १९५०-५१ चा पहिला हंगाम निघाला. गाडगीळ अध्यक्ष, विखे पाटील उपाध्यक्ष.

गिरणी तशीच होती, तेच रूळ, तीच कढई. बदल झाला तो वहीत. समजा, टनामागं सगळा खर्च जाऊन शंभर रुपये उरले. कंपनीत ते शेअरवाल्याकडे जातात. सहकारी कारखान्यात लाभांशाला कायद्यानं मर्यादा आहे, नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, आणि बाकी पैसा उसाच्या भावातून सभासदाकडे येतो. म्हणजे कंपनीचं भलं ऊस स्वस्त मिळण्यात, तर सहकारी कारखान्याचं भलं उसाला जास्त भाव देण्यात. शेजारी सहकारी कारखाना चढा भाव देऊ लागला की खासगीलाही द्यावा लागतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. या पैशातूनच लोणीसारख्या खेड्यात शाळा, कॉलेजं, दवाखाना उभे राहिले.

सरकार मालक झालं तेव्हा

१९६१ साली राज्यात कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. कंपन्यांचे मळे सरकारनं घेतले. पण तुकडे पाडून वाटले तर कारखान्यांचा ऊस तुटेल आणि कामगारांची रोजी जाईल, म्हणून ते एकत्र ठेवून १९६३ साली शेती महामंडळ स्थापन झालं. हेतू नफ्याचा नव्हता, ऊस आणि रोजगार टिकवण्याचा होता. इथं मालक सगळी जनता. पण बांधावर उभं राहून रोज पाहणारा मालक कुणीच नाही. तोटा वाढत गेला. आणि ज्यांच्या जमिनी एके काळी खंडानं गेल्या होत्या ते खंडकरी शेतकरी पिढ्यान् पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिले. त्यांना जमिनी परत वाटायला सुरुवात झाली ती २०१२ साली. आज्यानं केलेल्या खंडाचा निकाल नातवाच्या हाती पडला.

मालक झोपला की

मग सहकार सगळ्यात चांगला, असं म्हणून थांबायचं का? तसंही नाही. गेल्या काही दशकांत राज्यातले कित्येक सहकारी कारखाने आजारी पडले. ऊस थोडा आणि गाळपाची ताकद मोठी, नोकरभरती भारंभार, कर्जावर कर्ज, राखीव निधी रिकामा. शेवटी बँकांनी ताबा घेतला, लिलाव झाले आणि कारखाने खासगी हातात गेले. आजोबांनी घेतलेल्या शेअरचा कागद ट्रंकेतच राहिला. अलीकडच्या हंगामांत राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने धुराडं पेटवतात. त्यांतले निम्मे खासगी आहेत.

याचं कारण पुष्कळ अंशी आपल्याकडेच आहे, बरं का. एक माणूस एक मत हा सहकाराचा कणा. पण वार्षिक सभेला आपण जातो किती? गेलो तरी अहवाल वाचतो किती जण? भाव चढा मिळाला की खूश. तो नफ्यातून दिला की कर्ज काढून, हे कुणी विचारत नाही. राखणदार नसलेल्या रानात ढोरं शिरणारच.

आता नवा कागद

२००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकरी उत्पादक कंपनी हा प्रकार आला. किमान दहा उत्पादक मिळून ती काढता येते. सभासद उत्पादकच असावा लागतो, मत शेअरवर नाही तर माणशी एक, आणि शेअर बाजारात विकता येत नाहीत. म्हणजे बाजू कंपनीची आणि बाणा सहकाराचा. सोय चांगली आहे. पण वर सांगितलेला रोग हिलाही जडू शकतो. सभासद झोपला की चार संचालकांची ती खासगी पेढी होते.

तेव्हा सही करण्यापूर्वी एवढं ध्यानात ठेवा:

१. आधी प्रकार विचारा: भागी, कंपनी, उत्पादक कंपनी की सहकारी संस्था? नोंदणीचा दाखला डोळ्यांनी बघा.

२. मत माणशी की शेअरप्रमाणं, ते पोटनियमात वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या.

३. उरलेला पैसा कशाच्या मानानं वाटणार, शेअरच्या की घातलेल्या मालाच्या, हे विचारा.

४. कर्जाला 'वैयक्तिक हमी' म्हणून सही मागितली तर थांबा. ती सही केली की कंपनी असो वा संस्था, तुमचं घर तिच्या कर्जाला बांधलं जातं.

५. ऊस खासगीला घाला की सहकारीला, चौदा दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क दोन्हीकडे सारखा आहे. वजनाची पावती जपा.

६. सभासद झालात तर दर वर्षी सभेला जा. ताळेबंदातले दोनच आकडे बघा: कर्ज गेल्या वर्षीपेक्षा वाढलं की घटलं, आणि राखीव निधी किती.

पेरणी एका दिवसाची असते, राखण मात्र सुगीपर्यंत करावी लागते. मालकीचंही तसंच आहे.

ही पत्रिका वाचून झाल्यावर फेकू नका. चावडीवर लावा, शेजाऱ्याला वाचून दाखवा. राम राम.